थांबा-मॅडम आणि कपाटातले पंप

माझ्या वहिनीला तिच्या कंपनीत 'थांबा-मॅडम' म्हणतात, हे मला कळलं ते तिथल्या गेटवरच्या वॉचमनकडून. मी तिचं नाव सांगितलं, त्याला ओळख पटेना. मग मी वर्णन केलं: उंच, चष्मा डोळ्यांपेक्षा कपाळावर जास्त, आठवड्यातून दोनदा डबा घरी विसरणारी. "असं होय, थांबा-मॅडमकडे आलात," म्हणत त्याने लगेच फाटक उघडलं. बैठकीत सगळ्यांचं एकमत होऊन खुर्च्या सरकायला लागल्या की मागच्या रांगेतून हमखास 'थांबा' असा आवाज यायचा. त्यावरून ते नाव पडलं होतं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आम्ही सगळे एकाच घरात राहतो: आई, दादा, वहिनी, त्यांची मुलगी आणि मी. लग्न होऊन ती आली तेव्हापासून मी तिला 'अगं वहिनी' म्हणतो आणि ती मला 'अहो भाऊजी'. वयाने ती मोठी, तरी हा उलटा हिशेब तसाच चालू आहे. स्वयंपाक दादा करतो, कारण वहिनीने गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेल्याचं तिला वास आल्यावरसुद्धा कळत नाही. आईने सुरुवातीला नाक मुरडलं, मग एकदा वहिनीने केलेली भाजी खाल्ली आणि पुन्हा त्या विषयावर चकार शब्द काढला नाही.

मी हॉस्पिटलमध्ये यंत्रं दुरुस्त करतो. तळमजल्यावर जिन्याच्या मागे आमची खोली आहे. तिथे ब्लडप्रेशरची मशिनं, मॉनिटर, पलंगाच्या मोटारी असं सगळं येऊन पडतं. त्यातच ते औषधाचे पंप. सलाईनमधून किंवा सिरिंजमधून औषध किती वेगाने सोडायचं ते आकड्यात सांगितलं की हा पंप तेवढंच, न चुकता, तासन्‌तास सोडत राहतो. आमच्या हॉस्पिटलातले पंप वहिनीच्या कंपनीचेच. पण घरात त्यावर कधी बोलणं होत नसे. ती नेमकं काय करते हे विचारलं तर दादा सांगायचा, "पंपाच्या आत एक छोटा कॉम्प्युटर असतो. त्याच्या आत आणखी काहीतरी असतं. हिचं काम त्याच्याही आत."

त्या वर्षी उन्हाळा कडक होता. आमच्या वॉर्डात पेशंट वाढले म्हणून मोठ्या सिस्टरांनी कपाटातले जादाचे पंप बाहेर काढायला सांगितले. मोठ्या सिस्टर म्हणजे वॉर्डच्या मुख्य परिचारिका; ठेंगण्या, चालायला भरभर, आणि उगाच आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी एकामागून एक पंप सुरू करून पाहिले. काही नीट चालू झाले. काहींच्या पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं आणि ते तिथेच अडकून बसले. पुढे ना मागे. त्या दिवशी सिस्टरांनी दोन पेशंटांच्या उशाशी बसून, थेंब मोजत, हाताने चाकी फिरवून औषध दिलं. कुणाला काही झालं नाही. पण संध्याकाळी त्या स्वतः आमच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "यंत्र बिघडतं, ते मी समजू शकते. पण हे न वापरता बिघडलेत."

मी यापूर्वीही असे अडकलेले पंप कंपनीच्या सर्व्हिस विभागाकडे पाठवले होते. ते आतला बोर्ड बदलून, पुसूनबिसून परत पाठवायचे. का बिघडला हे विचारायची सवय मलाही नव्हती आणि त्यांनाही नव्हती.

रात्री जेवताना मी सहज विषय काढला. रोज वापरातले पंप ठणठणीत आणि आराम करणारे आजारी, हे उलटंच झालं की नाही, असं म्हणून मी हसलो. वहिनीचा घास हातातच राहिला.

"कपाट कुठे आहे?" तिने विचारलं.

मी सांगितलं, गच्चीखालच्या खोलीत. वर पत्रा आहे. उन्हाळ्यात तिथे उभं राहवत नाही.

"किती दिवस होते तिथे?"

गेल्या हिवाळ्यापासून, मी म्हणालो. ती पानावरचं तसंच ठेवून उठली आणि हात धुऊन परत आली तेव्हा तिने मला बजावलं, की त्या पंपांना आता कुणी हात लावायचा नाही, पुन्हा सुरू करून बघायचं नाही, आणि सर्व्हिसला तर मुळीच पाठवायचं नाही. मी म्हटलं, मग एक उद्या पिशवीत घालून घरी आणतो, तू बघ. तर म्हणाली, "अहो भाऊजी, घरचं काम आहे का हे? हॉस्पिटलकडून रीतसर कळवा. मी ऑफिसात बघेन." दादाने तिच्या ताटाकडे आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, की जणू भाजी मीच सांडली.

अशा रीतीने हॉस्पिटलने मलाच ते पंप घेऊन कंपनीत पाठवलं आणि मी त्या वॉचमनसमोर उभा राहिलो.

वहिनीची प्रयोगशाळा मी पहिल्यांदा पाहिली. लांबलचक टेबलं, त्यांवर उघडे पडलेले पंप, वायरींचे झुबके, डाख लावल्याचा वास, आणि कोपऱ्यात भट्टीसारखं एक कपाट. त्यात बोर्ड ठेवून तापवतात. महिन्यांचा उन्हाळा काही दिवसांत उरकता येतो. घरात दूध उतू घालवणारी बाई इथे वेगळीच होती. तिने पंप उघडला, आतली बोटाच्या नखाएवढी काळी चिप दाखवली आणि सांगितलं की पंपाचं सगळं डोकं यात लिहिलेलं आहे. वीज गेली तरी ते पुसलं जात नाही; अशा चिपला फ्लॅश मेमरी म्हणतात. पण पुसलं जात नाही म्हणजे अजिबात जात नाही असं नाही. आत कोट्यवधी बारीक खण असतात आणि प्रत्येकात थोडासा विद्युतभार साठवलेला असतो. तो हळूहळू झिरपतो. उष्णतेत जास्त झिरपतो. मग एखाद्या खणात लिहिलेल्या शून्याचा एक होऊन बसतो.

"मग सगळे पंप बंद पडायला हवेत," मी म्हणालो.

"नाही ना. म्हणून तर चूक-दुरुस्ती असते." तिने आईचंच उदाहरण दिलं. आई फोनवर बोलत असते, मधे खरखर होते, एखादा शब्द ऐकू येत नाही, तरी पुढच्यामागच्यावरून आपण तो भरून काढतो. चिपमध्येही माहितीच्या प्रत्येक तुकड्यासोबत थोडे जादाचे आकडे लिहून ठेवतात. वाचताना त्यांच्याशी ताळा करायचा, चूक कुठे आहे ते हुडकायचं आणि बरोबर करून पुढे द्यायचं. किती चुका भरून काढता येतील हे मात्र आधी ठरवावं लागतं. ते ठरवणारा ऑपरेटिंग सिस्टीमचा भाग म्हणजे त्या चिपचा ड्रायव्हर. आणि तो ड्रायव्हर गेली कित्येक वर्षं वहिनीच्या ताब्यात होता.

तिने बंद पडलेल्या पंपाची चिप कसलीही दुरुस्ती न करता, जशीच्या तशी वाचली आणि जे लिहिलेलं असायला हवं होतं त्याच्याशी ताडून पाहिली. पडद्यावर लाल ठिपके उमटले. बहुतेक तुकडे स्वच्छ होते, काहींत एक ठिपका होता, आणि मोजक्या तुकड्यांत दोन किंवा तीन. वहिनीने मग ड्रायव्हरला सेटिंग विचारली. त्याने उत्तर दिलं: एका तुकड्यात एक चूक. चिप बनवणाऱ्यांच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं: एका तुकड्यात किमान आठ.

घोडं कुठे अडलं ते तिथेच कळलं. रोजच्या वापरातले पंप एक चूक दिसली की ती माहिती लगेच दुसऱ्या जागी नव्याने लिहून टाकत, त्यामुळे दुसरी चूक व्हायला वावच मिळत नसे. कपाटातल्या पंपांना हे करायला वीज कुठे होती?

पण ड्रायव्हर एकच का म्हणत होता, हे उरलंच होतं. दुपारी ती माझ्याशी बोलायचीच बंद झाली. मी चहा आणून ठेवला, तो गार झाला. खूप वेळाने तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सापडलेलं कारण सांगितलं. आधीची चिप बाजारातून बंद झाली होती, म्हणून खरेदी विभागाने तिच्या जागी दुसरी घेतली होती. तेवढाच आकार, तेवढ्याच पिना, जागा मात्र दुप्पट. ड्रायव्हर सुरू होताना चिपला तिची ओळख विचारतो. नवी चिप त्याच्या ओळखीची नव्हती. अशा वेळी अडून न बसता जुनीच सेटिंग धरून पुढे जा, अशी एक ओळ त्यात होती. नव्या चिपमध्ये सुरुवातीला चुका नसतातच, म्हणून कारखान्यातल्या सगळ्या तपासण्या बिनबोभाट पार पडल्या.

"ही ओळ कुणाची?" मी विचारलं.

"माझी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बैठक होती आणि हॉस्पिटलचा माणूस म्हणून मलाही बसवलं होतं. खरेदीवाले आधीच कपाळाला आठ्या घालून आले होते. चिप त्यांनी बदलली, म्हणजे खापर आपल्यावर फुटणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. वहिनीचे विभागप्रमुख शांत, पोक्त गृहस्थ होते. वहिनीने पडद्यावर लाल ठिपके दाखवले, कारण सांगितलं, आणि मग कुणी विचारलेलं नसताना म्हणाली, "चिप बदलली ती कळवून बदलली होती. न ओळखलेल्या चिपवर ड्रायव्हरने गप्प पुढे जावं, हे मी लिहिलं. त्या वेळी मला ते शहाणपणाचं वाटलं. ते चुकीचं होतं."

खरेदीवाल्यांनी कपाळ सैल सोडलं. मी खाली बघत होतो, कारण माझ्याच घरातलं माणूस सगळ्यांसमोर असं उघडं पडताना बघवत नव्हतं. वर पाहिलं तेव्हा ती पुढच्या पानावर गेलेली होती.

ती मागे जाऊन बसल्यावर विभागप्रमुखांनी मार्ग सुचवला: नव्या पंपांत बरोबर सेटिंग घाला, आणि बाहेर असलेल्यांपैकी जो बंद पडेल त्याचा बोर्ड बदला. लोक माना डोलवू लागले. मागून आवाज आला.

"थांबा. बंद पडेल तेव्हा तो कुणाच्या तरी उशाशी असेल."

त्यावर विभागप्रमुख जे म्हणाले तेही खोटं नव्हतं. हॉस्पिटलात चालत्या पंपाचं डोकं बदलायला जायचं, आणि मधेच वीज गेली तर आज चालणारा पंप आपल्या हातून मरायचा. वहिनीने ते मान्य केलं. ती म्हणाली की मधेच वीज गेली तरी पंप मरणार नाही असं करून दाखवल्याशिवाय एकाही पंपाला हात लावणार नाही; पण करून दाखवलं, तर सगळ्या पंपांचं डोकं बदलायचं. त्यांनी जरा विचार करून होकार दिला.

नंतरचे काही महिने ती घरी असून नसल्यासारखी होती. आकडा एकाचा आठ करायचा, एवढंच काम आहे, असं मला वाटायचं. तसं मी म्हटलं तेव्हा ती पहिल्यांदा खदखदून हसली. चिपमध्ये आधी लिहिलेल्या माहितीशेजारी ताळ्याचे आकडे जुन्या पद्धतीचे होते. ड्रायव्हरला नवी पद्धत सांगितली, की त्याला जुनं सगळं चुकीचंच दिसणार. म्हणजे पंप जागा होता होताच वेडा. म्हणून तिने चिपच्या मोकळ्या अर्ध्या भागात नव्या पद्धतीने सगळं नव्याने लिहायचं ठरवलं. ते पुन्हा वाचून बरोबर आहे अशी खात्री पटेपर्यंत जुन्याला धक्का लावायचा नाही. त्यातही एक मेख होती. पंप सुरू होताना त्यातला प्रोसेसर, म्हणजे हिशेब करणारा भाग, मेमरीच्या चिपचा अगदी पहिला तुकडा स्वतः वाचतो, आणि त्याला जन्मापासून जुनीच पद्धत येते. ती बदलता येत नाही. तेव्हा तेवढा भाग जुन्या पद्धतीनेच ठेवायचा, पण त्याच्या अनेक प्रती करायच्या, आणि ड्रायव्हरला समजावायचं की इथपर्यंत अशी पद्धत, इथून पुढे तशी. आठ चुका सुधारता येतात म्हणून आठ होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही, त्याआधीच ती माहिती नव्या जागी हलवायची, हेही तिने ठरवून टाकलं.

मग वीज तोडायचं सत्र सुरू झालं. त्यासाठी तिने एक यंत्रच बसवलं होतं. ते पंपाचं डोकं बदलत असताना कुठल्याही क्षणी वीज खटकन तोडायचं आणि पुन्हा द्यायचं. तरी ती स्वतःही येताजाता प्लग उपटायची. यंत्रावर तिचा विश्वास होता, पण फार नाही. सगळं सुरळीत चाललं असताना भट्टीत तापवलेला एक बोर्ड रुसला. मोकळ्या पडलेल्या, काहीच न लिहिलेल्या जागेला तो खराब जागा म्हणू लागला. तिचे सहकारी म्हणाले, एखादा बोर्डच वाईट असेल, टाकून द्या. तिने टाकला नाही. रविवारी आम्ही सगळे पुतणीच्या पोहण्याच्या स्पर्धेला गेलो होतो. पुतणी पाण्यात, दादा ओरडतोय, आई डोळे मिटून बसलेली, आणि वहिनी शेजारी बसून हवेत बोट फिरवतेय. मुलगी दुसरी आली. वहिनीने तिला टॉवेलात गुंडाळलं, पापा घेतला, आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "कोऱ्या पानावरसुद्धा डाग पडतो, भाऊजी."

झालं होतं ते असं. रिकाम्या जागेत सगळे खण 'एक' दाखवतात. त्यातला एखादाही बिघडून शून्य झाला, की नवी पद्धत गोंधळायची: इथे काही लिहिलेलंच नाही, मग ताळा कशाशी करू? तिने ड्रायव्हरला शिकवलं की पान जवळपास सगळं कोरं असेल आणि डाग मोजकेच असतील, तर ते कोरंच समज. तो रुसलेला बोर्ड मुकाट चालू लागला. टाकून दिला असता तर तोच दोष शेकडो हॉस्पिटलांत गेला असता, हे विभागप्रमुखांनीच नंतर मला सांगितलं. सांगताना त्यांच्या स्वरात कौतुक होतं आणि थोडी धडकीही.

पहिल्या पंपांचं डोकं बदलायला ती आमच्याच वॉर्डात आली. खरं तर हे काम सर्व्हिसच्या माणसांचं. पण ती म्हणाली, पहिल्यांदा मी समोर हवी. मोठ्या सिस्टरांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि सरळ विचारलं, "याने पुन्हा असं होणार नाही ना?"

मी मनात म्हणत होतो, हो म्हणून टाक, त्यांना बरं वाटेल. वहिनी म्हणाली, "या कारणाने होणार नाही. दुसऱ्या कारणाने होणार नाही असं मी सांगू शकत नाही. आणि न वापरलेले पंपसुद्धा अधूनमधून सुरू करून ठेवावे लागतील. गच्चीखाली ठेवू नका."

सिस्टरांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग स्वतःची खुर्ची तिला दिली.

पेशंटपासून दूर, खिडकीजवळच्या टेबलावर एकेक पंप येऊ लागला. दुपारपर्यंत सगळं छान चाललं. इतक्यात फरशी पुसणाऱ्या मावशींनी टेबल जरा सरकवलं आणि त्याच्या पायात अडकून प्लग निघाला. पंप अर्ध्यात होता आणि त्याची बॅटरी आम्हीच तपासणीसाठी काढून ठेवलेली. पडदा काळा झाला. माझं धाबं दणाणलं. मावशी पांढऱ्याफटक पडल्या आणि माफी मागू लागल्या. वहिनीने त्यांना खांद्याला धरून बाजूच्या स्टुलावर बसवलं, प्लग परत लावला आणि हात मांडीवर ठेवून वाट पाहिली. चिन्ह आलं. थोडा वेळ ते तसंच राहिलं. मग पंपाने जुन्याच डोक्याने आपला नेहमीचा पडदा दाखवला आणि काम पुन्हा पहिल्यापासून करायची तयारी दाखवली. माझा जीव भांड्यात पडला.

"ऑफिसात हे मी कितीतरी वेळा मुद्दाम केलंय," वहिनी मावशींना म्हणाली. "आज तुम्ही केलंत, तेव्हा मला खरं पटलं."

मावशींना त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण त्या हसल्या. सिस्टरांनी तिघींसाठी चहा मागवला. मला विसरल्या.

पुढे जवळजवळ वर्षभर सर्व्हिसची माणसं गावोगाव फिरली आणि बाहेरच्या पंपांची डोकी बदलत राहिली. काही ठिकाणी कटकटी झाल्या, एका हॉस्पिटलने सहकार्यच नाकारलं, तिथे विभागप्रमुख स्वतः जाऊन बसले. अडकलेला पंप माझ्याकडे त्यानंतर आला नाही. वहिनीने ती गप्प पुढे जाणारी ओळ काढून टाकली आहे. आता अनोळखी चिप लागली की पंप कारखान्यातच अडून बसतो, आणि खरेदीवाल्यांच्या नाकी नऊ येतात. ते तिला शिव्या देतात, पण चिप घेण्याआधी फोनही करतात.

वहिनीला यासाठी बक्षीसबिक्षीस काही मिळालं नाही. एक दिवस विभागप्रमुखांनी सगळ्यांसमोर तिचे आभार मानले, तेव्हा ती चष्मा शोधत होती. घरी येऊन तिने हे सांगितलंही नाही; दादाला ते माझ्याकडून कळलं आणि त्याने तिच्या आवडीचं जेवण केलं. ती जेवताना म्हणाली, "आज काय विशेष?" आणि दादाने तिच्या पानात आणखी वाढलं.

एक गोष्ट मात्र मी धरून चाललो नव्हतो. रविवारी सकाळी वहिनी हल्ली फिरायला जाते. इतकी वर्षं जी बाई दाराची घंटासुद्धा ऐकत नव्हती, ती आपणहून बूट घालून फाटकापाशी उभी राहते. रस्त्याच्या वळणावरून मोठ्या सिस्टर भरभर येताना दिसतात. दोघी तळ्याला वळसा घालून येतात. एकदा मी दूध आणायला निघालो होतो, तेव्हा त्यांच्या मागेच होतो. मला वाटलं, पंपांचं काहीतरी चाललं असेल. सिस्टर आपल्या गुडघ्याबद्दल सांगत होत्या आणि वहिनी, मान थोडी त्यांच्याकडे झुकवून, अगदी मन लावून ऐकत होती.